टीचरबाई गावी गेल्यात

दार लोटून घ्या. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच झोपायला जावं. आणि हसू नका, हे माझ्या सख्ख्या चुलत बहिणीच्या घरी घडलंय.

तिचा नवरा मिक्सर-पंखे दुरुस्त करायचा. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. "बायको काय म्हणते तेवढंच कळत नाही, बाकी सगळे आवाज कळतात," म्हणायचा. मग त्याच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, चार-चार तास. शरीर कसंबसं तगलं, पण डोकं विरत गेलं. उघडलेला मिक्सर पुढ्यात घेऊन बसायचा. कुठला स्क्रू कुठला, आठवायचं नाही. मग मुकाट रडायचा. डॉक्टर म्हणाले, "या आजारात मेंदू थकतो, मनही खचतं. त्यांच्याशी बोलत राहा."

तो बोलायचा एकीशीच. शेजारच्या पलंगावर डायलिसिसला येणाऱ्या टीचरबाईंशी. एक दिवस बाई "आता पुरे" म्हणाल्या, यायच्या थांबल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या. बहिणीनं सांगितलं तेव्हा तो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी विसरला. "टीचरबाई कुठायत?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढंच रडणं. दर वेळी नव्यानं. शेवटी तिनं हात टेकले. म्हणाली, "गावी गेल्यात."

एका मंगळवारी रात्री साडेदहाला दोघं औषधं आणायला निघाली. त्याला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली. बाहेर आली तर हा बाकाच्या टोकाला सरकलेला. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. ओठ हलत होते.

"कुणाशी बोलताय?"

"टीचरबाईंशी." मग शांतपणे, "तू खोटं का बोललीस गं? त्या गावी नाही गेल्या. मेल्यात."

"कुणी... सांगितलं?"

"त्यांनीच."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

घरी येऊन त्यानं मिक्सर ओढला. भराभर जोडला. बटण दाबलं... चालू. हात जरासुद्धा थरथरला नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"सगळं आठवतंय मला," तो म्हणाला. "आता डायलिसिसच्या मशीनवर नको. त्या न्यायला येणार आहेत."

तिनं हातापाया पडून पाहिलं. डॉक्टरांनी समजावलं. परगावच्या लेकीनं फोनवर रडून आकाशपाताळ एक केलं. तो नुसती मान हलवायचा. नको.

आठवडा गेला. अंग सुजलं. धाप लागली. त्या रात्री ती त्याच्या उशाशी, जमिनीवर बसल्या बसल्या पेंगली. घरात दोघंच. दाराला आतून कडी.

जाग आली. खोली गप्प होती.

धाप... थांबली होती.

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. गार.

आणि पलंगाला लागून एक खुर्ची. स्वयंपाकघरातली. तिनं आणली नव्हती. त्याला तर कूसही बदलता येत नव्हती.

तिनं खुर्चीच्या बैठकीवर तळहात टेकवला...

कोमट होती.