पांढऱ्या बसवरचा जीवलेप

वणीजवळच्या कोळशाच्या खाणपट्ट्यात पांढरी गाडी घ्यायची हिंमत सहसा कोणी करत नसे. शाळेने मात्र विजेवर चालणारी नवी बस पांढरीच मागवली. ट्रेलरवरून उतरली तेव्हाच ती राखाडी झाली होती.

रंजना वैरागडेने तिला कोरडं फडकं लावू दिलं नाही. "ही धूळ म्हणजे पॉलिशपेपर समजा, सर. नुसती पुसली तरी ओरखडे पडतात," तिने मुख्याध्यापकांना सांगितलं. आधी पाण्याचा फवारा मारला, मग फेस. रंगात रुतलेले बारीक कण निघावेत म्हणून खास मऊ मातीची वडी पत्र्यावरून फिरवण्यात अख्खी सकाळ गेली. पंचवीस वर्षं ती या गावात गाड्या धूत होती आणि जवळपास तितकीच वर्षं खोकत होती.

दुपारी मीनल उइके डबा घेऊन आली. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ती सूक्ष्मजीवांवर काम करायची; तिचा नवा लेप या बसवर लावून बघायचं शाळेने कबूल केलं होतं. डब्यात ताकाच्या निवळीसारखं काहीतरी होतं.

"हे कोटिंग जिवंत आहे, ताई. बंद पडलेल्या खाणीच्या भिंतीवर हे जिवाणू सापडले. कोळशाची धूळ हेच त्यांचं अन्न. आम्ही त्यांना रंगावर पारदर्शक पापुद्रा विणायला लावलंय. जीवलेप म्हणतो आम्ही याला."

"आणि धूळ संपली तर?"

"झोपी जातात. धूळ आली की पुन्हा जागे होतात."

रंजनाने बसवर लेप फवारला. उकाड्यात मास्क घामाने चिकटत होता, म्हणून दोनदा तिने तो खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी कोळशाचे ट्रक धुरळा उडवत शाळेवरून गेले. बसवर काळा थर बसला. रंजना फडकं घ्यायला वळणार, तेवढ्यात तो थर कडेकडेने विरू लागला. दहा मिनिटांत पत्रा लख्ख झाला. तिने हात टेकवला. पत्रा सावलीत असूनही कोमट होता, गाईच्या पाठीसारखा.

पंधरा दिवसांनी तिच्या लक्षात आलं, आपला खोकला थांबलाय. तिने मीनलला फोन केला. मीनलने तिला नागपूरला बोलावून छातीचा एक्स-रे काढून घेतला, थुंकी तपासली. गेल्या वर्षीच्या फोटोत फुप्फुसभर ठिपके होते. नव्या फोटोत निम्मेसुद्धा उरले नव्हते.

"जीवलेप तुमच्या छातीत आहे, फवारताना श्वासातून गेला असणार," मीनल हळूच म्हणाली. "तिथली धूळ खातोय."

"मग बरंच आहे की."

"धूळ संपल्यावर तिथेही तो झोपेल, की दुसरं काही खाईल, मला माहीत नाही. औषध देऊन आज त्याला मारता येईल. नंतरचं सांगता येत नाही."

रंजनाने श्वास घेतला. तो आत आत जात राहिला, कुठेच अडला नाही. आपल्या छातीत इतकी जागा आहे हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. डोळे भरून आले.

"आज नको," ती म्हणाली. "रोज तपासा मला. पण आज नको."

दोघी गावात परतल्या, तेव्हा रंजनाने फोनवर घरी सांगितलेली बातमी गावभर झाली होती. रंजनाच्या गाड्या धुण्याच्या शेडपाशी केशवराव आत्राम बसले होते. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, आता शेजारी प्राणवायूचा सिलिंडर.

"रंजनाबाई, बसगाडीले लावलं ते मले दे," ते म्हणाले.

रंजनाने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. हे पुढे काय करेल, कोणालाच ठाऊक नाही, असं स्पष्ट सांगितलं. मीनलने समजावलं, की माणसांवर वापरायची परवानगी नाही, आधी कितीतरी वर्षं चाचण्या कराव्या लागतील.

केशवरावांनी नाकाशी सुटलेली नळी नीट बसवली आणि मीनलकडे बघून हसले.

"माह्याजवळ तेवढे वर्षं हायेत का, पोरी?"