शेवटच्या बाईचं माप

संग्रहालयात मला सगळे मोजणीबाई म्हणतात. जुन्या दगडी भिंतींवरची कोरीव चित्रं पारदर्शक कागदावर जशीच्या तशी उतरवायची आणि प्रत्येक आकृतीची उंची मिलिमीटरपर्यंत वहीत लिहायची, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. एवढ्या वर्षांत माझं एकही माप चुकलेलं नाही. फुशारकी मारत नाही; स्वतःबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही, एवढंच.

या वर्षी आमच्याकडे एका थडग्याची भिंत आली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बड्या धनवंताची. तो स्वतः मधोमध उभा, एकशे साठ सेंटीमीटर. त्याची बायको त्याच्या गुडघ्याशी. ती काही बुटकी नव्हती. ज्याचा मान जेवढा, तेवढी त्याची उंची कोरायची, अशी त्या लोकांची रीत. मुलगे आईहून मोठे, मुली तिच्याहून लहान. आणि अगदी तळाला, डाव्या कोपऱ्यात, घडा घेतलेली एक बाई. चौदा सेंटीमीटर. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर नावं कोरलेली होती, हिच्या डोक्यावर नुसता दगड.

"छापताना तळाची पट्टी कापून टाकू," संचालकसाहेब म्हणाले. "पानात बसत नाहीये. आणि तिला बघणार कोण?"

या भिंतीबद्दलचं पुस्तक साहेबांचं होतं. पण या वेळी आत माझंही नाव घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. म्हणून मी गप्प बसले. त्याची मला नंतर लाज वाटली.

सोमवारी मापं पडताळताना ती बाई चौदा पूर्णांक सहा भरली. मी चष्मा पुसला, मोजपट्टी पुसली, परत मोजली. पंधरा.

साहेबांना बोलावलं. त्यांनी माझीच पट्टी लावली. "चौदाच आहे की. बाई, डोळे तपासून घ्या. असली मापं छापली तर आपलं हसं होईल." दारापर्यंत जाऊन ते वळले. "नावाचं मग बघू."

आठवड्याभरात ती अठरावर गेली. कोटाची खुंटी आताशा माझ्या हाताला लागेना. म्हटलं, वय झालं.

घर वडिलांचं, आता धाकट्या भावाचं. मागची खोली माझी. भाऊ-भावजय माझ्याशी वाईट वागत नाहीत. जेवताना माझ्यासमोर बोलतात, माझ्याशी बोलतात असं नाही.

"ताई, तुमच्या कोटाच्या बाह्या लांब झाल्यात का हो?" त्या दिवशी भावजयीनं विचारलं.

"कपडे धुतल्यावर आटतात. वाढलेले मी तरी पाहिले नाहीत," भाऊ म्हणाला. दोघं हसली. मीही हसले.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर वडिलांनी पेन्सिलीनं केलेल्या आमच्या उंचीच्या खुणा आहेत. भावाच्या विसाव्या वर्षापर्यंत. माझ्या बाराव्या वर्षी थांबलेल्या. त्या वर्षानंतर एकदा मी चौकटीला पाठ टेकवून तयार उभी होते, तेव्हा वडील आईला म्हणाले होते, "आता हिला मोजून काय करायचंय?" मी तशीच थोडा वेळ उभी राहिले होते.

माझी ती शेवटची खूण माझ्या कानाशी येते. त्या दिवशी ती भुवईशी आली.

मग मी माझं कामच केलं. स्वतःला मोजलं, तिला मोजलं, दोन्ही आकडे वहीत लिहिले. माझी मूळची उंची एकशे पंचावन्न होती. मी जेवढी कमी भरत होते, तेवढीच ती वाढत होती. चार दिवस पट्टी खणात ठेवून पाहिली. दोघीही जागच्या जागी राहिल्या. पाचव्या दिवशी तिला पुन्हा मोजलं, तेव्हा ती अठ्ठावीसवर गेली आणि मी चौकटीवरच्या बाराव्या वर्षाच्या खुणेखाली नेमकी मावले.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पट्टी खणात ठेवून दिली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.

"सोमवारी पानं छपाईला जाणार," साहेब म्हणाले. "चित्राची तळाची पट्टी कापलीय."

"ती खरंच मोठी असली तर?"

"मग कशाला कापू? पण नाहीये ना ती."

शनिवार-रविवार मी घरात बसून काढले. कुणी काही विचारलं नाही. त्या दोन दिवसांत एकच गोष्ट सारखी मनात येत होती, की तिलाही कुणीतरी मोजायचं सोडून दिलं असणार.

सोमवारी सकाळी दालन उघडल्या उघडल्या मी भिंतीपुढे बसले आणि पट्टी लावली.

एकतीस. लिहिलं. परत लावली.

सेहेचाळीस. धन्याच्या बायकोच्या बरोबरीला आली.

सत्तर. भिंत हातभर उंच ओट्यावर उभी केलेली, त्यामुळे आता स्टूल लागलं. ते ओढताना धाप लागली. कोट कधीच भोवती गळून पडला होता.

नव्वद. स्टुलावर चढता येईना. पुठ्ठ्याची खोकी रचली आणि पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"थांबू का गं?" मी तिला विचारलं. किती तरी दिवसांत मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

घडा तिच्या हातात नव्हता. तो खाली, तिच्या पायाशी ठेवलेला होता.

मी परत पट्टी लावली.

एकशे एकोणीस. जमिनीवर वही पसरून आकडा लिहिला. पेन्सिल काठीसारखी धरावी लागली.

साहेब आले. भिंतीसमोर थबकले. मग खिशातून टेप काढून त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत मोजलं, आणि वाकून माझी वही उचलली.

"एकशे एकोणीस," ते हळू आवाजात म्हणाले. "बाईंचं माप बरोबर होतं."

त्यांनी तिथूनच छापखान्यात फोन लावला. "तळाची पट्टी कापू नका. आणि बाईंचं नाव घ्या. हो, पहिल्याच पानावर."

माझे डोळे भरून आले.

"मोजणीबाई!" फोन ठेवून त्यांनी दालनभर पाहिलं. "अहो, कुठे आहात?"

"इथेच आहे, साहेब."

त्यांनी पुन्हा हाक मारली. त्यांचा गुडघा माझ्या नजरेसमोर होता. पँटला तिथे खडूचा एक लहानसा डाग लागला होता.