सरळ पट्ट्यांचं मैदान

“आठवड्यातून एक दिवस तुमच्या सासऱ्यांना साध्या खुर्चीवर बसवत जा हं,” असं डॉ. पोहनकरांनी मला बजावलं होतं. मी “हो, हो” म्हटलं, वॉरंटीचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि ते वाक्य तिथंच, नागपूरच्या त्या यंत्रांच्या चाचणीच्या आवारात सोडून आले. मी! खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी पाठपोट वाचणारी, द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय मुलीच्या हातात न देणारी. इतक्या सूचना पाळता पाळता एखादी सुटते. नेमकी कुठली सुटली, ते नंतर कळतं.

आम्ही राहतो ती जागा पूर्वी कोळशाची उघडी खाण होती. वणीच्या बाजूच्या खाणी बंद झाल्यावर त्यांच्यात माती भरली, मातीवर गवत लावलं आणि गवतावर आम्हाला वसवलं. अशा वसाहतींना सगळे ‘हिरव्या खाणी’ म्हणतात. प्रत्येक घराला सहा एकर मैदान मिळतं. अट एकच, गवत वीतभराच्या वर जाऊ द्यायचं नाही. उन्हाळ्यात वाळकं गवत पेटलं तर खाली उरलासुरला कोळसाही धुमसायला लागतो आणि मग तो वर्षानुवर्षं विझत नाही. त्यात भराव अजून दबतोच आहे. आज सपाट दिसणाऱ्या जागी पुढच्या महिन्यात खळगा पडतो, खळग्याशेजारी उंचवटा येतो. लांबून पाहावं तर गालिचा, चाकाखाली घ्यावं तर वाळलेला नाला.

गवत कापायचं काम माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं. सूर्यभान खिरटकर, वय एकाहत्तर. याच खाणीत त्यांनी तेहतीस वर्षं डंपर चालवला. त्या धक्क्यांनी त्यांचे कमरेचे मणके झिजले. जुन्या कटाईयंत्रावरून दुपारी उतरले की अर्धा तास ओट्यावर आडवे पडून राहायचे. माझा नवरा प्रज्वल म्हणाला, आपोआप फिरणारं यंत्र घेऊ. घेतलंही होतं चार दिवस. ते तिसऱ्याच खळग्यात अडकून शिट्ट्या मारत बसलं.

“अन् नसतं अडकलं तरी,” मामाजी म्हणाले, “थे फिरंन अन् मी पाहात बसू? मंग मलेबी एका खोक्यात घालून ठेवा.”

म्हणून मामाजी, मी, आणि सोडायला कुणी नाही म्हणून माझी तीन वर्षांची कनू, असे नागपूरला यंत्र निवडायला गेलो. हवं होतं झिरो-टर्न. या यंत्राला स्टिअरिंग नसतं, दोन दांड्या असतात. उजवी दांडी उजव्या चाकाची, डावी डाव्याची. एक पुढं ढकलली, दुसरी मागं ओढली की यंत्र जागच्या जागी गरकन वळतं. चिंचोळ्या कोपऱ्यातलं गवतही सुटत नाही. कडेची रेघ सरळ राहते. पण खडबडीत जमिनीवर त्याच्यासारखं हाडं खिळखिळी करणारं दुसरं वाहन नाही.

आवारात मुद्दाम खड्डे केलेली एक पट्टी होती. पहिल्या यंत्राची खुर्ची स्प्रिंगची. मामाजी एक फेरी मारून आले. “घोडं बरं याच्यापेक्षा. घोड्याले दया तरी असते.” दुसऱ्याच्या खुर्चीखाली हवेची उशी, पायाखाली जाड रबर, मागची चाकं रुंद. ते बरं होतं. मी वहीत बरोबरची खूण केली. उतारावर उलटू नये म्हणून डोक्यावर दांडा आहे का, उठताच पाती बंद होतात का, हेही तपासलं. मग ते तिसऱ्यावर बसले. तीच पट्टी, तेच खड्डे. चाकं नाचत होती आणि मामाजी वर असे बसले होते, जसा कुणी दिवाणखान्यात टीव्ही बघतोय. परत आले, तरी खाली उतरले नाहीत.

“जादू आहे का हो?” मी विचारलं.

ती खुर्ची बनवणाऱ्या डॉ. पोहनकर तिथंच होत्या. हसल्या. “आवाज बंद करणारे हेडफोन वापरलेत ना? ते काय करतात, बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज तयार करतात. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, उरते शांतता. आम्ही ते धक्क्याचं केलंय. खालून धक्का वर आला की त्याच क्षणी खुर्ची तेवढीच खाली जाते. बेरीज शून्य. याला आम्ही प्रतिधक्का म्हणतो.”

“पण धक्का येणार हे खुर्चीला आधी कसं कळतं?”

“पुढं कॅमेरा आहे. पण गवताखालचा खळगा त्याला दिसत नाही. तिथं आम्ही चालवणाऱ्याची मदत घेतो. मुरलेल्या ड्रायव्हरची पाठ आणि मनगट धक्क्याच्या क्षणभर आधीच आवळतात. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. खुर्चीच्या पाठीत आणि दांड्यांच्या मुठीत आम्ही संवेदक बसवलेत, ते हे वाचतात. खुर्ची आणि दांड्या, दोन्हीकडची थरथर पुसली जाते.”

“म्हंजे हे खुर्ची माही पाठ वाचते?” मामाजींनी वरूनच विचारलं.

“हो काका.”

“वाच म्हना. तेहतीस वर्षांची पोथी हाये.”

यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक आकडा दिसायचा, ‘आरामांक’. शंभरातले किती धक्के बसणाऱ्यापर्यंत पोचले नाहीत, त्याचं ते माप. मामाजींचा आला अठ्ठ्याण्णव. निघताना डॉ. पोहनकरांनी ती साध्या खुर्चीची सूचना केली. पाठीच्या स्नायूंना काम उरलं नाही तर ते सुस्तावतात, असं कारणही दिलं. त्याच वेळी कनू एका यंत्राच्या पात्याकडे वाकत होती. मी धावले.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. मामाजी सकाळी नाश्ता करून यंत्रावर चढायचे ते जेवायलाच उतरायचे. ओट्यावर आडवं पडणं बंद झालं. पुढं पुढं तर पाती बंद करून, नुसतेच यंत्रावर बसून मैदानात हिंडायचे. टिटवीची अंडी कुठं आहेत, कुठला उंचवटा वाढलाय, सगळं येऊन सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचे पट्टे बघायची. कापलेल्या गवताचे फिके-गडद, फिके-गडद, आखल्यासारखे सरळ.

हे पट्टे बघणं आमच्या वसाहतीत नुसती हौस नाही. खाण चालू असताना एखादा डंपर आखलेल्या वाटेवरून जरा भरकटला, तर मुकादम ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्या कपाळाला हात लावून बघायचा. ताप असेल, झोप झाली नसेल, घरी काही झालं असेल. ती जुनी माणसं आता गवत कापतात आणि संध्याकाळी एकमेकांची मैदानं बघत फिरतात. कुणाचा पट्टा वाकला की लगेच दोघं-चौघं दारात. “काय गा, बरं हाये ना?” पट्टा सरळ असेल तर कुणी थांबत नाही, लांबूनच हात करतात. आमच्या दारात वर्षभर कुणी थांबलं नाही. मी, जी कनू झोपेत दोनदा खोकली तरी उठून बसते, ती मामाजींच्या बाबतीत निर्धास्त होते. मास्तर अक्षर बघून पोर ओळखतात तसं मला वाटायचं, रेघ सरळ म्हणजे माणूस ठणठणीत.

त्याच आनंदात मी हिरव्या खाणींच्या सामायिक गटावर एक लांबलचक लेख लिहिला. ‘मोठ्या, खडबडीत मैदानासाठी आरामदायी यंत्र कसं निवडावं.’ खुर्ची, दांड्या, चाकं, सगळं अनुभवासकट. शेवटी लिहिलं, ‘डोळे मिटून तिसरं घ्या.’ तो वाचून पाच घरांनी घेतलं.

दिवाळीनंतर यंत्र देखभालीसाठी चार दिवस नेलं. मामाजी चिडचिडले. कनूला घेऊन फाटकापर्यंत फिरून या म्हटलं, तर कुरकुरत गेले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दोघं परत येत होते. कनू वैतागून म्हणाली, “आजोबा, माझा हात नका ना हलवू!”

“मी कुठं हालवतो वं?”

“हलवताय! सारखा सारखा!”

मी वळून पाहिलं. तिचा इवलासा हात त्यांच्या मुठीत होता आणि तो कोपरापर्यंत थरथरत होता. त्यांची पावलं गवतावर घासत येत होती. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून तशीच उभी राहिले. शेवटचं त्यांना दहा पावलं चालताना मी कधी पाहिलं होतं? आठवेना. मी त्यांना फक्त बसलेलं पाहिलं होतं. जेवताना आणि यंत्रावर. जेवतानाही ते हल्ली चमच्यानं जेवायचे आणि कोपर टेबलाला टेकवून. मला ते म्हातारपणाचा आळस वाटलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, सांगितला. औषधानं, व्यायामानं बराच काळ नीट जातो. पण दोन्ही जरा लवकर सुरू व्हायला हवं होतं, असंही सांगितलं. मी त्या संध्याकाळी डॉ. पोहनकरांना फोन केला. मला भांडायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्रात साठलेली नोंद मागवून घेतली. दोन दिवसांनी त्या स्वतःच घरी आल्या. त्यांनी लॅपटॉप उघडून पडदा माझ्याकडे वळवला.

“ही बघा, फेब्रुवारीपासून,” त्या म्हणाल्या. “उजव्या मुठीतून येणारी थरथर. सेकंदाला पाच. दर सेकंदाला, रोज. इतक्या नेमानं खळगे कुठल्या मैदानात असतात?”

“मग यंत्रानं सांगितलं का नाही?”

“धक्का जमिनीतून आला की माणसातून, हे खुर्चीला कळत नाही. तिला फक्त धक्का कळतो. आला की ती पुसते.” त्यांनी चष्मा काढला. “पाठ सुस्तावेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे नव्हतं आलं.”

“आणि आरामांक?”

“अठ्ठ्याण्णव. त्याला चूक तरी कसं म्हणू? त्यांना आराम होताच.”

मामाजी दारातून ऐकत होते. “मले मालूम होतं,” ते म्हणाले.

मी चमकून पाहिलं.

“खाली उतरलो का हात नाचे. वर बसलो का गप. मले वाटलं, खाली बसूनच बिघडते. म्हनून वरच राहिलो. खाली मी म्हातारा, वर मी ऑपरेटर. कोनाले सांगू अन् कायले?”

डॉ. पोहनकरांकडे एक उपाय होता. जमिनीचे धक्के पुसायचे, पण सेकंदाला चार ते सहा अशी माणसाची थरथर तेवढी सोडून द्यायची, असा बदल यंत्रात करता येत होता. मग आजार वाढला, कमी झाला, औषध लागू पडलं, सगळं दिसलं असतं. पण दांड्या हातासारख्याच थरथरणार होत्या.

“म्हंजे पट्टा वाकडा जाईन,” मामाजी म्हणाले.

“जाईल काका.”

ठरवायचं त्यांनीच होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही, फार कष्टानं. ते खिडकीशी गेले. बाहेर त्यांचं मैदान होतं, दहा महिन्यांच्या खोट्या सरळ रेघांचं. खोट्या म्हणवत नाही खरं तर. त्या रेघांवर ते खूश होते आणि मीही होते.

“कमरेचं तसंच ठेवजा,” ते शेवटी म्हणाले. “हाताचं सोडून द्या.”

दुसऱ्या दिवशी पहिला पट्टा फाटकापर्यंत नागासारखा गेला. संध्याकाळी सहाच्या आत आमच्या ओट्यावर सातजण बसले होते. “काय गा सूर्यभान, बरं हाये ना?” मामाजींनी उजवा हात पुढं धरून दाखवला आणि सगळं सांगितलं. मी दोनदा चहा ठेवला. आता रोज कुणी ना कुणी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालायला येतं. पट्टे वाकडेच असतात, पण गेल्या महिन्यापेक्षा थोडे कमी. आम्ही ठीक आहोत. खरंच ठीक आहोत.

माझी काळजी निराळी आहे. माझा लेख वाचून ज्या पाच घरांनी ते यंत्र घेतलं, त्यांतल्या चौघांना मी फोन केला. चौघांनीही बदल करून घेतला. पाचवे गुणवंतराव आस्वले. शिवणीच्या हिरव्या खाणीत, पाण्याच्या टाकीमागच्या शेवटच्या घरात एकटे राहतात, वय अडुसष्ट. त्यांना मी चारदा फोन केला. दर वेळी म्हणतात, “एकदम झकास हावो मी, ताई! चांगल्या खुर्चीत बदल कायले करू?” आणि पाठोपाठ मैदानाचा फोटो पाठवतात. पट्टे इतके सरळ की बघत राहावं. त्यांच्या शेजाऱ्यांना मी विचारलं, तर ते म्हणाले, मस्त आहेत, दिवसभर यंत्रावरच असतात.

मीच गेले असते. पण कनूला कांजिण्या आल्यात, अजून आठ-दहा दिवस मला हलता येत नाही. तुम्ही कुणी शिवणीच्या बाजूला असाल तर एवढं करा. त्यांच्या घरी जा. यंत्रावरून हात केला तर लांबूनच परतू नका. आत जाऊन बसा आणि प्यायला पाणी मागा. दारी आलेल्याला ते नाही म्हणणार नाहीत, उतरतील. मग ते पाणी घेऊन तुमच्यापर्यंत येतील, तेव्हा त्यांच्याकडे नीट बघा, आणि मला कळवा.