रिकामा ठेवलेला चौकोन

माझ्या पदवीचा आराखडा उडाला आणि थेट त्याच्या बुटाखाली गेला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. बुटाचा ठसा तेवढा आता पुसट झालाय.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांग होती, जिन्यातून वारा आला आणि माझ्या हातातला आलेखाचा कागद सुटला. उरलेले सगळे विषय त्यावर मी चौकोनाचौकोनांत, तीन रंगांच्या शाईत लिहिले होते. रांगेतल्या एका उंच मुलाने त्यावर पाय ठेवला, मग उचलून शर्टाला पुसला आणि परत देण्याऐवजी वाचतच उभा राहिला.

"सगळे चार वर्षांत पदवी घेतात. तुला साडेतीनच?"

"घाई आहे."

"कुणी वाट बघतंय का...?"

"हो. आई."

त्याचा चेहरा खुलला. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

आईला मी शब्द दिला होता. बाबा गेल्यापासून ती शिवणाच्या मशीनपुढे एकटीच बसून असायची. एकटीसाठी कसला स्वयंपाक, म्हणून चूलही पेटवत नाही, असं मावशी फोनवर सांगायची. म्हणून सहा महिने वाचवून हिवाळ्यातच घरी परतायचं, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. वसतिगृहात मला सगळ्या 'वेळापत्रक' म्हणत. आणि त्याला सगळे 'उद्या' म्हणत — कुठलंही काम सांगा, उत्तर एकच, उद्या बघू.

पुढच्याच आठवड्यात हे उद्या महाशय कोरा कागद घेऊन वाचनालयात माझ्या टेबलाशी हजर झाले. त्यालाही आराखडा हवा होता. त्याचे विषय बघून मी कपाळावर हात मारला. प्रथमोपचाराचा सक्तीचा वर्ग लोक पहिल्या वर्षी उरकतात, तोसुद्धा याने लोंबकळत ठेवला होता. मग रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आमच्या झाल्या. मी चौकोन आखायचे, तो पेन्सिलींना टोक करून द्यायचा. एका पेन्सिलीला अर्धा तास लावायचा, आणि मला त्याचा राग येत नव्हता, यातच सगळं आलं.

मग एकाएकी तो यायचा बंद झाला. एक दिवस, दोन दिवस... पाच दिवस. बरं झालं, कटकट गेली, असं मी मैत्रिणींना सांगितलं. आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा मात्र धरत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी तो धापा टाकत आला.

"प्रथमोपचार बाकी असलेल्यांची यादी लागलीय. त्यात तुझं नाव आहे."

"शक्यच नाही. मी पहिल्याच वर्षी..." आणि मला आठवलं. त्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते. अंथरुणात पडल्या पडल्या आराखडा आखला, आणि करणारच आहोत म्हणून तो चौकोन आधीच हिरवा रंगवून टाकला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढत बसले, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ मला दिसलंच नाही.

"आज चारपर्यंत नाव द्यायचंय," तो म्हणाला. "पुढचा वर्ग सहा महिन्यांनी."

"तुला कधी कळलं?"

तो खाली बघत राहिला. "पाच दिवस झाले."

"आणि तू गप्प बसलास?"

"मुदत हुकली असती तर तू आणखी सहा महिने इथे राहिली असतीस. मला... मला तेवढंच हवं होतं. मग तुझी आई आठवायची. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

मला भयंकर राग आला. आणि त्या रागाच्या पोटात इतका आनंद होता की माझी मलाच लाज वाटली. पावणेचार वाजले होते. आम्ही दोघं ऑफिसकडे पळत सुटलो.

वर्गात आमची जोडी लागली. त्याने माझ्या मनगटाला पट्टी बांधली, ती सुटता सुटेना. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, हाड मोडलंय म्हणून बांधतोयस की पळून जाईल म्हणून? सगळे हसले. तो नाही हसला.

हिवाळ्यात, ठरल्याप्रमाणे, मी निघाले. जाताना त्याचा आराखडा त्याला दिला. पदवीनंतरचा शेवटचा चौकोन मी रिकामा ठेवला होता. हा तू भर, म्हटलं. त्याने तिथल्या तिथे पेन्सिलीने आमच्या घराचा पत्ता लिहिला, आणि खाली, पदवी मिळाल्यानंतरचा पहिला रविवार.

सहा महिने फोनवर गेले. ज्याला सगळे उद्या म्हणतात त्याची कसली वाट बघतेस, असं आई चिडवायची. मी हसायचे, पण आतून धास्तावलेलीच असायचे.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. नुकतेच धुतलेले ओले केस, अंगात आईचा जुना गाऊन, अशा अवतारात मी दार उघडलं. बाहेर तो उभा होता, हातात घड्या पडून मऊ झालेला आलेखाचा कागद.

"तू... उद्या येणार होतास ना?"

"हो," तो म्हणाला. "म्हटलं, आजच बघू."

आतलं मशीन थांबलं. आई दाराशी आली, तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिघांचा स्वयंपाक करायला आत गेली.