मुकं गवत

“तणाला आधी विचार गं, का उगवलंस? मग खुरपं लाव.” सासूबाईंचा हा आवाज तीस वर्षांमागचा, भुईमुगाच्या रानातला. आज यमुना पाटोळेला तो कारखान्याच्या हिरवळीवर ऐकू आला.

ही हिरवळ साधी नव्हती. जमिनीखालच्या नळांतून रसायन जरासं झिरपलं, की मुळांना कळायचं आणि पाती जांभळी व्हायची. जनुक बदलून घडवलेलं हे साक्षीगवत. त्याच्या भरवशावर कारखान्यांनी गळती हुंगणारी यंत्रं केव्हाच काढून टाकली होती. सात वर्षं यमुना हे आवार राखत होती. सुंदर आवाराच्या स्पर्धेतली ढाल तिने चारदा आणली होती. “यमुनाताई, तुझ्या गवतावर चहा सांडायचीपण भीती वाटते,” फिटर हारून चिडवायचा.

सोमवारी तोच हारून नळाच्या खड्ड्यात बेशुद्ध पडला. वर गवत हिरवंगार. मग साहेबांनी ठरवलं, गळती नव्हतीच. हारूननेच नळाची चुकीची चावी फिरवून रसायन अंगावर घेतलं. आता त्याची नोकरी जाणार होती.

“हारूनभाई तसा नाही, मॅडम,” यमुना गवत तपासायला आलेल्या शास्त्रज्ञ डॉ. मृणाल देवस्थळींना म्हणाली.

मृणाल यांनी मुळांशी रसायनाचे थेंब सोडले. तासभर दोघी बघत बसल्या. पाती हिरवीच.

“हे मुकं आहे,” मृणाल म्हणाल्या. “हजारात एखाद्या रोपाचं जनुक बिघडतं. ते विष पितं, रंग बदलत नाही. पण अख्खं आवार मुकं? बोलणारं रोप कुणीतरी वेचून उपटलं आणि मुक्याचीच लावण केली, वर्षानुवर्षं, तरच हे होईल.”

यमुनाने हातातल्या खुरप्याकडे पाहिलं. गळती दुरुस्त झाली, तरी जांभळा डाग महिनाभर राहायचा. पाहुणे यायचे असले की ती तो उपटायची, शेजारचं हिरवं लावायची. पुढे पुढे, दुरुस्ती झाली का, हे विचारायचंही राहून गेलं.

“इथलं गवत बाहेर कुठं गेलंय?” मृणाल यांनी विचारलं.

“अकरा कारखान्यांत. ढाल मिळालेलं म्हणून मागून नेलं.”

मृणाल यांनी अकराही नावं लिहून घ्यायला वही काढली. समोर गवत वाऱ्यावर डोलत होतं, एकसारखं, देखणं.

यमुनाने खुरपं त्यांच्यापुढे ठेवलं.

“हारूनभाईला सोडा, मॅडम. बोलणारं गवत मीच उपटलंय.”