एकशे बेचाळीस ठोके

मास्कचा पट्टा आवळताना त्याचं बोट तिच्या कानाला लागलं, आणि तिच्याहून जास्त तोच गोंधळला. ही त्यांची पहिली भेट. शिलाई मशीनवर बसून बसून तिचं अंग सुटलं होतं, यकृतावर चरबी चढली होती. आणि आजारी दादाला नेमका तिच्याच यकृताचा तुकडा जुळत होता. सात किलो उतरवा, मग बघू, असं सर्जननी बजावलं होतं. म्हणून आठवड्यातून दोनदा या प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर चालायचं, आणि या तंत्रज्ञाने तिचा श्वास मोजायचा.

चरबी घामावाटे जाते, अशी तिची पक्की समजूत. तो हसला नाही. आधी साखर जास्त खर्च होते, चालणं लांबलं की चरबीचा वाटा वाढतो, आणि जळलेली चरबी बहुतेक श्वासावाटेच बाहेर पडते, असं त्याने पडद्यावरची रेघ दाखवत समजावलं.

“म्हणजे... मी हवेत जातेय?” मास्क काढून तिने विचारलं.

“थोडी थोडी. आत्ता या खोलीभर तुम्हीच आहात.”

ती थक्क झाली. ज्या देहाला ती आरशासमोर उभी राहून नावं ठेवायची, तो कसलाही गाजावाजा न करता आत केवढं काम करत होता! त्यानंतर चालताना ती आपला एकेक श्वास कौतुकाने सोडू लागली.

सात किलो उतरले, आणि त्याच दिवशी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. श्वास सांगत होता, ती दमलेली नाही. ठोके मात्र मध्येच एकशे दहावरून एकशे बेचाळीसवर उडी मारत होते, तेही चारदा. हृदयाबद्दल शंका लिहावी लागेल, ऑपरेशन पुढे जाईल, असं तो खाली मान घालून म्हणाला.

दादाकडे तेवढे दिवस नव्हते. सांगावं तर लाजेने मरण... न सांगावं तर दादाचं काय?

“हृदय ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही मास्क नीट करायला जवळ येता ना... तेव्हाच होतं ते. वेळा ताडून बघा.”

त्याने वही उघडली. चारही वेळांपुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं – मास्क सारखा केला. तो कानापर्यंत लाल झाला, आणि त्याने प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना बोलावून आणलं. फेरचाचणी त्यांनी घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोके एकशे बाराच्या वर गेले नाहीत. अहवालावर सही झाली.

तो बाहेर बाकावर थांबला होता.

“मॅडमना मी खरं ते सांगितलं. आता तुमची चाचणी मला घेता येणार नाही.”

“बरं...” तिचा चेहरा पडला.

“पण मी रोज सकाळी चालायला जातो. तुम्ही याल?”

“ऑपरेशनपर्यंतच जमेल,” ती म्हणाली. “मग टाके असतील.”

“असू देत की. तुम्ही हळू चालाल, मीही हळू चालेन.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. ऑपरेशननंतरही आपल्यापुढे दिवस असतील, हा विचार तिने आजवर केलाच नव्हता.