टाळूची बाजू

जुन्या ओरखड्यांतून आवाज काढणारी घर्षणवाणी आली आणि मिरजेत जुनी वस्तू मोडीत घालायची कुणाची छाती होईना. न जाणो, आजोबा असायचे आत! वरवंटे, देव, अडकित्ते घेऊन केंद्रासमोर रांगा लागत. वृषालीकाकूंची वस्तू मात्र त्यांच्या तोंडातच होती. टेबलापाशी बसल्यावर त्यांनी वरची कवळी काढून रुमालावर ठेवली.

"नवऱ्यानं केलेली," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "कवळ्या करण्यातच हर्षदचा जन्म गेला. फोनवर 'बरं' म्हणून ठेवून द्यायचा. आता तो गेल्यावर आवाज शोधू म्हटलं तर कुठे सापडत नाही."

केंद्रातल्या डॉ. ओवी शेटेनं कवळी उजेडात धरली. "काकू, वस्तू घासताना जवळ कुणी बोललं की यंत्राचं टोक किंचित थरथरतं. ओरखडा केसाच्या हजाराव्या भागाइतका खोल-उथळ होतो. आम्ही तसलंच टोक त्याच ओरखड्यातून फिरवतो आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज करतो. पण टोक ते टोकच, ऐकवता ऐकवता ओरखडा खाऊन टाकतं. एकदाच ऐकायला मिळेल. आणि पॉलिश झालं असेल तर तेही नाही."

"बाहेरून आरसा केलाय त्यानं. तू टाळूची बाजू बघ. तिथे पॉलिश करत नाहीत, नाहीतर कवळी धरत नाही."

ओवीनं भिंगातून पाहिलं आणि टोकांचा ट्रे पुढे ओढला. "कड या जाड कार्बाइड बरानं, म्हणजे घासायच्या टोकानं, घासलीय. तिथे दोनेक मिनिटांचं बोलणं निघेल. आणि मध्ये हा खळगा, मोहरीएवढ्या गोल बराचा. जेमतेम काही सेकंद. एक वाचताना दुसरं हादऱ्यानं पुसलं जातं. माझं ऐका, जाड बर घेऊ."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. कड त्यानं लॅबमध्ये घासली होती, रेडिओ लावून. रेडिओ ऐकायला त्या थोड्याच आल्या होत्या? खळगा मात्र घरचा. नवी कवळी टाळूला टोचत होती, म्हणून हर्षदनं घासायचं यंत्र घरी आणलं आणि स्वयंपाकघरातच बसला. मिशांवर गुलाबी भुकटी. दर खेपेला कवळी तोंडात बसवून विचारायचा, "अजून टोचतंय?" टोचायचं थांबलं तरी त्या मुद्दाम हो म्हणत होत्या. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

"गोल बर लाव," त्या म्हणाल्या.

"मग ही नीट बसणार नाही हं."

"नवी करेन. कवळ्यांना काय तोटा आहे."

यंत्र किणकिणलं. आधी कुकरची शिट्टी आली. मग खाकरून हर्षद बोलला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "वृषा, ऐक ना. कधीचं तुला सांगायचंय, मी त्या वेळी..."

"अरे, आधी ते दूध बघ, उतू जाईल!" काकूंचाच आवाज, पंधरा वर्षांपूर्वीचा, खणखणीत.

यंत्र थांबलं.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

"पुढे ओरखडा नाही, काकू. ते उठले असणार."

काकूंनी कवळी उचलली, खळग्यावरून अंगठा फिरवला. तिथे आता नुसतं गुळगुळीत लागत होतं.

"दूध उतू गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यानं वेळेवर गॅस बंद केला, ते चांगलं आठवतंय मला. परत येऊन बसल्यावर काय म्हणत होतास, असं मी विचारलं की नाही, तेवढं काही केल्या आठवत नाही."